बोलते तसंच लिहिते

माझ्या लग्नाला वर्ष व्हायच्या आत माझा एक निबंध मोठ्यानं वाचला गेला आणि खोलीभर बायका पोट धरून हसल्या. मी त्या वेळी शेजारच्या स्वयंपाकघरात मसाला दुधाचे पेले भरत होते.

वाचणाऱ्या माझ्या नणंदबाई. ह्यांच्या थोरल्या बहीण. चिंचवडच्या एका शाळेत त्या मराठी शिकवायच्या. प्राधिकरणात स्वतःचं घर, दारात जास्वंद, आणि बैठकीत काचेच्या कपाटात निबंध स्पर्धांच्या ढाली. काही त्यांच्या, बाकीच्या त्यांच्या विद्यार्थ्यांच्या. आम्ही कुरुळीला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो, कारण ह्यांची कंपनी चाकणला आणि पहिल्या पाळीची बस तिथून जवळ पडायची. मी जिंतूरकडची. मराठी घेऊन बी.ए. केलेली. हे मला बघायला आले तेव्हा वन्संनीच विचारलं होतं, "लिहितेस का काही?" मी हो म्हणाले होते. ते त्यांनी लक्षात ठेवलं असावं.

प्राधिकरणातल्या महिला मंडळानं निबंध स्पर्धा ठेवली. विषय होता ‘माझं घर’. वन्सं परीक्षक होत्या. त्यांनी फोन करून सांगितलं, "अगं, तूही दे. तुझं मन रमेल." मी दुपारभर बसून लिहिलं. आमच्या खोलीला खिडकी होती, पण तिच्यातून एका कंपनीची भिंत दिसायची, ते लिहिलं. नळाला पाणी आलं की शेजारीण भिंतीवर थाप मारायची, ते लिहिलं. तिसऱ्या पाळीहून आलेली माणसं दिवसा झोपतात, म्हणून आमच्या चाळीत कपडेसुद्धा हळू आपटावे लागतात, तेही लिहिलं. मला तो निबंध आवडला होता. आजही मला तो बरा वाटतो.

मग त्यांच्याकडचं हळदीकुंकू. मदतीला मला सकाळीच बोलावलेलं. शाळेतल्या बाया, मंडळातल्या बाया, सगळ्या जमल्या आणि बैठकीतून वन्संचा आवाज आला. "ऐका हं, ऐका एक गंमत. ‘नळाला पाणी यायलंय म्हणून ती थाप मारते, तवा मी घागर घेऊन पळायले...’ पळायले!" हशा झाला. त्यांनी पुढचं वाक्य वाचलं, पुन्हा हशा. कोणीतरी विचारलं, कोणाचा आहे हो? वन्सं म्हणाल्या, "आहे एक भाबडी. प्रस्तावना नाही, समारोप नाही. बोलते तसंच लिहिते."

मी तबक घेऊन बाहेर गेले. प्रत्येकीला पेला दिला. वन्संनी एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "साखर अगदी बरोबर पडलीय हं."

परत येताना स्पाइन रोडला मी गाडीवर मागे बसून ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "ताईच्या मनात काही नसतं गं. तुला ऐकू जातंय हे तिला कुठं माहीत?" मोशी मागे पडली आणि नाशिक हायवेला कंटेनर सुरू झाले. त्या कंटेनरांच्या धुरात मी मनाशी पक्कं केलं, की ह्या बाईचा एक निबंध मी कधीतरी मोठ्यानं वाचेन. चार माणसांत वाचेन. आणि ती ऐकेल.

लोक म्हणतात, काळ गेला की राग निवतो. माझा निवला नाही. मी त्याला घरातल्या माणसासारखं जेवूखाऊ घातलं.

काही वर्षांनी आम्ही कर्ज काढून चिखलीत फ्लॅट घेतला. मुलगी शाळेत जायला लागली आणि मी जवळच्या एका स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये पेपर तपासायचं काम धरलं. तिथली बहुतेक मुलं चाकण, भोसरी, तळवड्याच्या कंपन्यांत कामाला होती. शिफ्ट संपवून, अंगावर कंपनीचा शर्ट तसाच ठेवून अभ्यासिकेत येऊन बसायची. मग परीक्षेचा नमुना बदलला. पर्याय निवडून गोल काळे करायचे दिवस गेले, लिहायचे पेपर आले आणि त्यात निबंध आला. क्लासमधल्या कुठल्याच सरांना निबंध तपासायचे नव्हते. ते गठ्ठे माझ्या टेबलावर आले.

मला ते कंटाळवाणं काम वाटायला हवं होतं. पण पहिल्याच गठ्ठ्यात मला वन्सं भेटल्या. खरंच सांगते, प्रत्येक कागदावर त्याच बसलेल्या. "आजच्या या धकाधकीच्या युगात..." अशी सुरुवात. मग कुणा थोर माणसाचं वचन. मग "एकीकडे... तर दुसरीकडे...", आणि शेवटी सगळ्याचीच "काळाची गरज" निघायची. विषय पाण्याचा असो, स्त्रीचा असो की यंत्रांचा, तेच कपडे, फक्त अंग वेगळं. ती मुलं बोलायला लागली की ऐकत राहावंसं वाटायचं, आणि लिहायला बसली की त्यांच्या तोंडून शाळेतल्या बाई बोलायच्या. मी लाल पेन उचललं. माझ्या हातात नुसतं पेन नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

पण नुसतं खोडून कोणी शिकत नाही. मी खोडल्यावर मुलं विचारायची, मग काय लिहू? त्याचं उत्तर मला शोधावं लागलं. मी एकेक चांगला निबंध घेऊन तो उसवून बघू लागले, जुना ब्लाउज उसवून बेतायला शिकतात तसा. हळूहळू काही गोष्टी हाती लागल्या.

पहिलं वाक्य युगाविषयी नको, घडलेल्या एखाद्या गोष्टीविषयी हवं. महाळुंग्याच्या शेतकरी घरातला एक मुलगा होता, कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायचा. ‘विकास आणि विस्थापन’ ह्या विषयावर त्यानं दोन पानं जागतिकीकरण लिहून आणलं. मी म्हटलं, तुमची जमीन गेली ना? काय झालं ते सांग. तो म्हणाला, "आमची हिर आता कंपनीच्या वॉलच्या आत हाय मॅडम. आजा सणाला गेटवर जाऊन नारळ देतो, शिक्युरिटीवाला तो हिरीवर वाहतो." मी म्हटलं, हे लिही, बोललास तसं. तो बावरला. "असं चालतं का?" मी म्हटलं, "प्रमाण भाषेत लिही, पण बोललास त्याच क्रमानं लिही. आधी विहीर. मग भिंत. मग आजोबा. विकास शेवटी येऊ दे." त्याचा तो निबंध वाचून क्लासचे मालक दारातच उभे राहिले होते.

दुसरं, एका निबंधात एकच म्हणणं. कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाला त्याचा स्टॉप यायच्या आत सांगता येईल एवढं. ते सांगता येत नसेल तर अजून लिहायला बसू नये. मग परिच्छेद. प्रत्येकानं एक काम करायचं आणि पुढच्याला जागा द्यायची. मी मुलांना परिच्छेदावर हात ठेवून उरलेलं वाचायला लावायची. निबंधाला त्याची उणीव भासली नाही, तर तो परिच्छेद फुकट पगार खातोय. मुलांना हे लगेच पटायचं.

सगळ्यात अवघड होती विरुद्ध बाजू. मुलं ती अशी लिहायची की एका फुंकरीत पडावी. मी म्हणायची, समोरच्याचं म्हणणं त्याला स्वतःलाही जमलं नसतं इतकं चांगलं मांडा, मगच त्याला उत्तर द्या, नाहीतर तुम्ही बुजगावण्याशी भांडताय. हे शिकवताना माझा आवाज ठाम असायचा.

आणि शेवट. शेवटी उपदेश नको, आवाहन नको, हात जोडणं नको. गोष्ट जिथं सगळ्यात जास्त बोलते तिथं थांबायचं. वाचणाऱ्याला वाटलं पाहिजे की अजून एक वाक्य हवं होतं, आणि ते त्याचं त्यानं मनात म्हटलं पाहिजे.

मग मी स्वतःची बॅच सुरू केली, क्लासमधली काही मुलंही माझ्यामागून आली. हार्डवेअरच्या दुकानावरचा हॉल, रविवारी सकाळी. तिथं एक रीत पाडली. निबंध नाव न सांगता मी मोठ्यानं वाचायचा आणि ज्याला जिथं कंटाळा येईल त्यानं तिथं हात वर करायचा. कोणावर टीका नाही, फक्त हात. ही रीत कुठून सुचली ते मी कोणाला सांगितलं नाही.

ह्या सगळ्या काळात वन्सं सणासुदीला भेटत. "क्लास घेतेस म्हणे. छान. शुद्धलेखन बघतेस ना?" एवढंच. त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या मुलानं इंजिनीअरिंग करून माणच्या एका आयटी कंपनीत नोकरी धरली आणि मग ती सोडून तो परीक्षेच्या मागे लागला. निबंध आईच शिकवणार, त्यात प्रश्नच नव्हता. निकाल लागला तेव्हा बाकीच्या पेपरांत तो बरा होता आणि निबंधात आपटला होता.

एका रविवारी बॅच चालू असताना जिन्यावर चपलांचा आवाज झाला आणि दारात वन्सं उभ्या राहिल्या. मागे भाचा.

"जरा बोलायचं होतं गं."

मी घड्याळाकडे पाहिलं. "बॅच संपू दे वन्सं. मागे बसा."

मागे फक्त एक बाक रिकामा होता, खिळा वर आलेला. मला माहीत होतं कुठला. त्या साडी सावरून बसल्या. मी त्या दिवशी रोजच्यापेक्षा अर्धा तास जास्त शिकवलं. प्रस्तावना कशी नसावी, ह्यावर. "आजच्या या धकाधकीच्या युगात" हे वाक्य मी फळ्यावर लिहिलं आणि सगळ्या वर्गाकडून त्यातला एकेक शब्द खोडून घेतला. वन्सं खिडकीबाहेर बघत होत्या.

मुलं गेल्यावर त्या म्हणाल्या, "ह्याला घे तुझ्या बॅचमध्ये. माझ्या पद्धतीचं आता चालत नाही म्हणतात."

"घेते. पण तुमची वाक्यं घरी ठेवून यायचं."

भाच्यानं खाली पाहिलं. वन्संचा चेहरा बदलला नाही. "बरं," म्हणाल्या.

मुलगा हुशार होता. पण दोनेक आठवड्यांत माझ्या लक्षात आलं की त्याच्या निबंधात मधूनच कोणीतरी दुसरं बोलतंय. साधं वाक्य चाललेलं असायचं आणि एकदम "मानवी मनाच्या गाभाऱ्यात" असं काही उगवायचं. मी त्याला विचारलं.

"मामी, आई रात्री वाचते. थोडं नटवते. मी नको म्हटलं तर तिला वाईट वाटतं."

मी वन्संना फोन लावला. "वन्सं, त्याचा निबंध दुरुस्त करण्यापेक्षा तुम्हीच एक अख्खा लिहा. बाकीच्यांबरोबर द्या. मी तपासते."

त्या म्हणाल्या, "देते की. जन्मभर हेच केलंय मी." मला हेच उत्तर हवं होतं. त्यांचा ताठा मला पाठ होता.

त्या आठवड्याचा विषय होता ‘भाषा आणि ओळख’. रविवारी त्या आल्या, सुंदर अक्षरातले चार कागद माझ्या हातात दिले आणि पुढच्या रांगेत बसल्या. मी तो निबंध गठ्ठ्यात मधोमध ठेवला. आधी दोन मुलांचे वाचले. मग वन्संचा घेतला.

"भाषा ही मानवी संस्कृतीची जननी असून..."

एक हात वर गेला. मी पुढे वाचलं. अमृत आलं, गंगोत्री आली. आणखी हात. दुसऱ्या परिच्छेदाशी पोचेपर्यंत हॉलमध्ये हातांचं रान झालं होतं. मी थांबले नाही. मी प्रत्येक शब्द नीट, सावकाश, स्वच्छ उच्चारात वाचला. कोणीतरी खुदकन हसलं, मग ते पसरलं. महाळुंग्याचा तो मुलगा म्हणाला, "मॅडम, ह्यात माणूस कुठं हाय? समदी फुलंच हायेत." हॉल हसला. मीही हसले. वन्संच्या मानेची एक शीर ताठ झालेली मला दिसत होती.

"ज्यानं लिहिलाय," मी म्हटलं, "त्याला प्रस्तावना येते, समारोप येतो. मधे काय सांगायचं ते फक्त ठरवायचं राहिलंय."

मला लाज वाटली का? नाही. जिभेवर गोड चव आली होती. इतक्या वर्षांनी एखादं काम हातावेगळं झालं की पाठीला जसं बरं वाटतं, तसं वाटत होतं.

सगळे गेल्यावर भाचा थांबला. त्याच्या आई खाली रिक्षापाशी गेल्या होत्या.

"मामी, हे तुम्ही मुद्दाम केलंत ना?"

"हो."

"का?"

"आईला विचार."

घरी ह्यांना बातमी माझ्याआधी पोचली होती. बहिणीचा फोन येऊन गेलेला. हे जेवताना म्हणाले, "झालं समाधान?" मी म्हटलं, "झालं." हे ताट सरकवून उठले. "ती रडत होती," म्हणाले. "मीसुद्धा रडायला हवं होतं का त्या दिवशी?" मी विचारलं. "तिला माहीत नव्हतं गं तुला ऐकू येतंय," हे पुन्हा तेच म्हणाले. ह्या एका वाक्यावर ह्यांनी इतकी वर्षं बहीण आणि बायको दोघींना सांभाळलं होतं. मीही कधीकधी, राग फार जड झाला की, त्याचाच आधार घ्यायची. बाई दुष्ट नाही, बेफिकीर आहे. बेफिकीर माणसाबरोबर दिवाळी तरी करता येते.

पुढच्या रविवारी वन्सं आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. भाचा येत होता, मुकाट लिहीत होता, आणि आता त्याच्या निबंधात दुसरं कोणी बोलत नव्हतं. मग एका रविवारी बॅच सुरू व्हायच्या आधीच त्या हजर झाल्या. हातात दोनच कागद.

"विषय तोच घेतलाय. हाही वाच," त्या म्हणाल्या. "तसाच. मोठ्यानं."

आधी मनात वाचून घ्यावा असं मला वाटलं. पण मुलं येऊन बसली होती आणि वन्सं माझ्याकडे एकटक बघत होत्या. मी वाचायला सुरुवात केली.

पहिलं वाक्य होतं, "शाळेत मी पाणी मागणं बंद केलं होतं."

निबंध साधा होता. लहानपणी वडिलांना पिंपरीत कंपनीत काम लागलं आणि घर गावाहून इकडे आलं. हे मला माहीत होतं. माझं सासर मूळचं आमच्याच बाजूचं. नवीन शाळेत निबंधातल्या ह्या मुलीनं हात वर केला आणि विचारलं, "बाई, पाणी पियाला जाऊ का?" वर्ग हसला. बाईंनी तिला उभं करून ते वाक्य शुद्ध होईपर्यंत पुन्हापुन्हा म्हणायला लावलं, आणि प्रत्येक वेळी वर्ग हसत राहिला. मग ती तहानलेली बसायला शिकली. रेडिओवरच्या बातम्यांमागून पुटपुटत तिनं नवी भाषा अंगावर चढवली. घरी पाहुणे आले की आईला खुणेनं गप्प करू लागली. पुढे ती त्याच भाषेची बाई झाली, आणि कोणाला शंकासुद्धा आली नाही.

तिसऱ्या परिच्छेदात एक नवी नवरी घरात येते. तिच्या बोलण्यात ते सगळं जसंच्या तसं असतं. "ती बोलू लागली की मला वाटायचं, आता सगळ्यांना कळेल मी कुठली. ती मात्र लाजत नव्हती. त्याचा मला राग होता. लोक तिला हसतील तेव्हा मी त्यांच्या बाजूला उभी असले पाहिजे, म्हणून मीच आधी हसले."

माझा आवाज कुठंतरी घसरला असावा, कारण पुढच्या बाकावरच्या मुलीनं मान वर करून पाहिलं. मी वाचत राहिले. शेवट जवळ आला होता. आता ती माफी मागेल, असं मला वाटलं. ते वाक्य कसं असेल, ते मी आतून रचूसुद्धा लागले. मला ते हवं होतं. सगळ्यांसमोर, माझ्याच आवाजात का होईना, ते ऐकायचं होतं.

शेवटची दोन वाक्यं अशी होती. "त्या दिवशी ती आत पेले भरत होती. तिला ऐकू जात होतं, हे मला माहीत होतं."

मी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

एकही हात वर गेला नव्हता. महाळुंग्याचा मुलगाच शेवटी बोलला. "मॅडम, ह्या बाईनं माफी का न्हाई मागितली?"

मी काही म्हणायच्या आत पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मागितली असती तर निबंध तिथंच पडला असता. मॅडमच सांगतात ना, हात जोडून संपवायचं नाही."

"बरोबर आहे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? माझेच शब्द होते ते. माझ्या हक्काची गोष्ट माझ्याच नियमानं माझ्याकडून काढून घेतली होती. आणि जे मिळालं ते उलट होतं. त्यांना माहीत होतं. बेफिकिरी नव्हती ती. दाराला कान लावून बसलेल्या माणसासारखं त्यांना माहीत होतं की मी आत उभी आहे, आणि तरी त्यांनी पुढचं वाक्य वाचलं होतं. ह्यांनी जपलेला तो एक आधार त्या बाईनं एका ओळीत काढून टाकला. रागाला खाली ठेवायला जागा होती, तीही गेली.

वर्ग सुटल्यावर त्या टेबलापाशी आल्या. मी निबंधावर आकडा टाकला. दहापैकी आठ.

"आठ का?"

"तिसऱ्या परिच्छेदात एक विशेषण जास्त आहे."

त्यांनी चष्मा लावला, शोधलं, माझ्याच हातातलं पेन घेतलं आणि ते विशेषण खोडलं. "आता?"

"आता पुढच्या वेळी बघू."

नऊ द्यायला हवे होते. साडेनऊसुद्धा. मला ते माहीत होतं आणि माझ्या चेहऱ्यावरून त्यांनाही कळलं असावं. त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. जिना उतरताना त्या एवढंच म्हणाल्या, "तुझी हाताची रीत चांगली आहे. मला आधी सुचायला हवी होती."

त्या नंतरही येत राहिल्या. मी नको म्हणाले नाही, या म्हणाले नाही. बॅच वाढली तेव्हा त्या मागच्या बाकावर बसून मुलांचं शुद्धलेखन तपासू लागल्या, कारण त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही आणि मला ते मान्य करण्यात कमीपणा वाटत नाही. आम्ही कामाचं बोलतो. त्यांना मुलांची वाक्यं छाटावीशी वाटतात, मला मुलांचे शब्द राखावेसे वाटतात, त्यावरून चांगली खडाजंगी होते. मुलांना वाटतं, नणंद-भावजय किती मोकळेपणानं भांडतात.

मधे मी माझ्या बाजूनं तो दिवस लिहायचा प्रयत्न केला. पहिलं वाक्य छान जमलं. म्हणणं एकच होतं, तेही पक्कं. पण विरुद्ध बाजूच्या परिच्छेदाशी आले आणि पेन अडलं. तो परिच्छेद लिहून झालेला होता. माझ्याहून चांगला, आणि जिनं लिहायचा तिनंच लिहिलेला. तो टाळून लिहिला तर माझा निबंध लंगडा, आणि घेतला तर अर्धा निबंध तिचा. कागद फाडला नाही, पण पुढेही गेले नाही.

भाचा पुढच्या खेपेला परीक्षा पास झाला. निबंधात चांगले गुण पडले आणि त्याला लांबच्या जिल्ह्यात जागा मिळाली. रुजू व्हायला निघाला त्या सकाळी आम्ही सगळे वल्लभनगरच्या एसटी स्टँडवर गेलो. ह्यांनी त्याच्या बॅगा चढवल्या. पेढे वाटून झाले. भाचा मोबाइल काढून म्हणाला, "मामी, आई, दोघी उभ्या राहा ना. माझ्या दोन्ही मास्तरणी."

वन्सं लगेच उभ्या राहिल्या, पदर नीट करून. मीही गेले. "अजून जवळ, मामी," तो म्हणाला. मी होते तिथंच थांबले. वन्संनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि त्याही सरकल्या नाहीत.

"राहू दे," त्या त्याला म्हणाल्या. "असाच काढ."

त्यानं फोटो काढला. कंडक्टरनं बेल मारली, तो धावत चढला, आणि बस मुंबई-पुणे रस्त्याला लागली. ह्यांनी बहिणीला विचारलं, घरी सोडू का? त्या म्हणाल्या, नको, रविवार आहे. मग आम्ही तिघं चिखलीला आलो. हॉलखाली हार्डवेअरवाल्यानं शटर अर्धं उघडलं होतं आणि जिन्यात मुलं खोळंबली होती.